दचक्यांची मोजणी

मंगळवार, २ सप्टेंबर २०२५

नोकरी गेल्याला आज पाच महिने झाले, आणि आज सकाळी साडेअकराला एका रिकाम्या थिएटरात बसून मी एकतीस वेळा दचकले. हे काम आहे असं मी शंतनूला सांगितलंय. नवऱ्यासमोर, गिरीशसमोर, या गोष्टीला काम म्हणायचा अजून धीर होत नाही.

काम म्हणजे काय ते लिहून ठेवते. शंतनू शिकागोच्या मराठी मंडळाचं संकेतस्थळ बघतो. त्याने मला एक सदर दिलंय, 'पाहिलेले, येणारे'. भुताखेतांचे, भीतीचे सिनेमे. एक पाहिलेला, त्यावर सविस्तर. आणि पुढच्या काही आठवड्यांत येणाऱ्या दोन-तीनांची ओळख. "इथे मराठीत हे कोणीच लिहीत नाही यार, उत्तराताई," तो म्हणाला. कोणी वाचतं का, हे मी विचारलं नाही.

या सिनेमांचा नाद मला मीनाक्षीकाकूंनी लावला. मी शिकागोत नवी होते तेव्हा त्या मला मंगळवारच्या दुपारच्या खेळाला घेऊन जायच्या, कारण त्यांचे यजमान अरुणकाका ऑपरेशन थिएटरात असायचे आणि एकटीने भुताचा सिनेमा बघणं त्यांना अप्रशस्त वाटायचं. त्यांच्या बोटात जप मोजायचं यंत्र असायचं. अंगठीसारखं, वर एक बटण आणि इवलासा आकडा. पडद्यावर काही अंगावर आलं की काकू 'राम' म्हणायच्या आणि बटण दाबायच्या. सिनेमाही होतो, जपही होतो, म्हणायच्या.

काकू गेल्याला दोन वर्षं होतील. आता त्यांच्या खुर्चीवर काका बसतात, आणि ते यंत्र काकांच्या बोटात असतं.

दचके मोजून छापायची कल्पना काकांची. नियम माझे. पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची नोकरी केल्यावर दुसरं काय येणार? नियम असा: दचकलं की दाबायचं. का, किती, बरोबर की चूक, विचार करायचा नाही. मी माझ्यासाठी डेव्हन ॲव्हेन्यूवर देवांगभाईंच्या पूजेच्या दुकानातून तसलंच यंत्र आणलं. देवांगभाईंनी विचारलं, कुठल्या देवाचा जप. मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "भीतीचा. सगळ्यात जागृत दैवत."

एक अडचण आली. माझं यंत्र मी दर खेळाआधी शून्यावर आणते. काका आणू देत नाहीत. "तिचे आकडे आहेत ते. पुसायचे नाहीत." मग विजेच्या मीटरसारखं करतो. सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, वजाबाकी. आज ४१,२०६ पासून ४१,२२९. काका तेवीस, मी एकतीस.

सिनेमा तळघराचा होता. काका इंग्रजी नावं लक्षात ठेवत नाहीत, 'तळघरवाला' एवढंच. त्यांनी शेवट अर्ध्या तासात ओळखला आणि माझ्या कानात सांगितला. बरोबर निघाला.

मंगळवार, ९ सप्टेंबर

'जुळ्यांचा'. काका अठरा, मी बावीस. सुरुवातीला काकांचा आकडा ४१,२३५ होता. गेल्या मंगळवारी ४१,२२९ वर सोडला होता. मधले सहा कुठून आले? खिशात दाबले गेले असतील. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "इन्स्पेक्टर आली." मला माझीच लाज वाटली, पण वहीत नोंद केली आहे. नोंद नसलेली चूक दुरुस्त होत नाही.

आज शेवट ओळखला नाही त्यांनी. मला विचारत होते, ही मुलगी मघाची की दुसरी. जुळ्यांच्या सिनेमात हा प्रश्न रास्त आहे.

नंतर लॉबीत कॉफी घेतली. काका भूलतज्ज्ञ होते, चाळीस वर्षं. हा मराठी शब्द त्यांना फार आवडतो. मी भूल देणारा की भूल करण्यातला तज्ज्ञ, हे पेशंटने ठरवायचं, म्हणतात. आज सांगत होते की शुद्धीवर येणारा माणूस, मग तो जज असो की ट्रक चालवणारा, पहिल्यांदा घाबरतो. त्याला कळत नाही आपण कुठे आहोत. तेव्हा प्रश्न विचारायचे नाहीत. शेजारी बसायचं आणि हळू सांगायचं: आज अमुक वार, ही अमुक जागा, मी अमुक. पुन्हा पुन्हा सांगायचं. "औषधाचा भाग संपला की एवढंच उरतं आमच्या हातात," म्हणाले.

हे सदरात घ्यावं का? भीतीची इतकी नेमकी व्याख्या मला जमली नसती. पण ते खाजगी बोलणं होतं. नको.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

पितृपक्ष. आज काकूंची तिथी. काकांनी गिरीशला आणि मला जेवायला बोलावलं होतं. स्वयंपाक बाहेरून मागवलेला, खीर मात्र स्वतः केली होती. थोडी लागली होती तळाला. काकूंच्या फोटोसमोर पान वाढलं आणि म्हणाले, "घ्या मॅडम, आज भूत होऊन यायची अधिकृत परवानगी आहे." आम्ही हसलो आणि मग कोणालाच जेवण गेलं नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

काकांचा सकाळी फोन. आज मीनाक्षीची तिथी, दोघं जेवायला या.

मी 'झाली ना परवाच' म्हणणार होते, शब्द तोंडाशी आले होते. मग वाटलं, एकटा माणूस आहे, जेवायला बोलवायला निमित्त शोधतोय, आणि मी हिशेबनीसासारखी तारीख दाखवू? गेले. गिरीशला ऑफिस होतं. तेच जेवण, तीच खीर, तोच विनोद. आज खीर छान झाली होती.

घरी येऊन गिरीशला सांगितलं. तो म्हणाला, "काकांना एकदा डॉक्टरला दाखवायला हवं का गं?"

"ते स्वतः डॉक्टर आहेत," मी म्हणाले. जरा तोडूनच बोलले. दुःखाला लगेच आजार ठरवायची या देशातली सवय त्यालाही लागली आहे.

मंगळवार, २३ सप्टेंबर

काका पन्नास मिनिटं उशिरा आले. त्यांच्या घरून, मॉर्टन ग्रोव्हहून, थिएटर बारा मिनिटांवर. मी लॉबीत उभी, काका फोन उचलत नव्हते. आले ते हसत. "चकवा लागला," म्हणाले.

चकवा हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. काकांचं गाव गुहागरकडे. लहानपणी त्यांच्याकडे सांगत, की चकव्याचं भूत दिसत नाही, ओरडत नाही, गळा धरत नाही. ते फक्त वाट फिरवतं. रोजचीच पायवाट, रोजचंच शेत, पण माणूस चालत राहतो आणि पुन्हा त्याच बांधावर येतो. त्याच्यावर दोन उपाय. एक, चपला पालटून घालायच्या, डावी उजव्या पायात. दुसरा, पहिला नाही लागू पडला तर, जागच्या जागी बसून राहायचं. हलायचं नाही. आपोआप उतरतो.

"आणि तुम्ही काय केलंत?"

"मी गाडी चालवत होतो. बूट कुठे पालटू?"

मी इतकी हसले की तिकीटवाल्या मुलीने वर पाहिलं. सदरासाठी ठरलंच: अमेरिकन सिनेमाला न सापडलेलं भूत. इथल्या भुतांना घर लागतं, तळघर लागतं. आमच्या भुताला ओळखीची वाट पुरते.

पुढचा खेळ घेतला. काका सतरा, मी एकोणीस. सुरुवातीचा आकडा ४१,२७२. म्हणजे मधल्या दोन आठवड्यांत एकोणीस. पडद्यावर अंधार झाला तेव्हा काका माझ्याकडे झुकून म्हणाले, "मीनाक्षी, शाल आणलीस का?" मी नाही म्हणाले. काकूंची खुर्ची, काकूंची वेळ, तोंडातून जाणारच.

निघताना, गाडीशी, मुलीचा विषय काढून म्हणाले, "ते चकव्याचं नेत्राला नको सांगूस. ती टेक्सासात बसून माझी गाडी काढून घेईल. शब्द दे."

शब्द दिला. काकू असत्या तर त्यांनीही दिला असता, असं मला वाटतं.

शनिवार, २७ सप्टेंबर

डेव्हनला किराण्याला गेले होते, देवांगभाईंकडे शिरले. विचारलं, या यंत्राचं बटण आपोआप दाबलं जातं का? त्यांनी चार यंत्रं काढून खिशात घालून दुकानात फेऱ्या मारून दाखवल्या. एकही आकडा हलला नाही. "बेन, यह तो दबाना पड़ता है," म्हणाले. नवा माल आला की कळवतो, म्हणून माझा नंबर लिहून घेतला.

म्हणजे काका दाबतात. घरी येताना बसच्या मागे अडकले होते तेव्हा लक्षात आलं: जप. काका, जे आयुष्यात देवळाच्या पायऱ्या फक्त काकूंना सोडायला चढले, ते काकूंचा जप पुढे चालवतायत. आणि मी त्यांच्याकडे हिशेब मागत होते. आता कधीच विचारणार नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

टेक्सासातल्या फ्रिस्कोहून नेत्राचा फोन. तिचा फोन मला सहसा येत नाही.

"बाबा ओके आहेत ना? फोनवर तेच तेच सांगतात. आय डोन्ट नो, कदाचित मीच ओव्हररिॲक्ट करतेय."

मी म्हणाले की मंगळवारी सिनेमाला भेटतो, विनोद करतात, कॉफी पितात, मजेत आहेत. यातलं एकही वाक्य खोटं नाही. फोन ठेवल्यावर एक-एक वाक्य तपासून पाहिलं. एकही खोटं नाही.

मग झोप का येत नाहीये?

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आज मी रागावले आहे. उद्या वाचून लाज वाटेल, तरी लिहिते.

'म्हातारीवाला'. सदरात तीन आठवड्यांपूर्वी 'येणारे'मध्ये मीच याची शिफारस केली होती. एक मुलगी म्हाताऱ्या आईला सांभाळायला जुन्या घरी येते. आई स्वयंपाकघरात अंधारात उभी राहते. मुलीकडे बघून विचारते, तू कोण. आरशाशी बोलते. फ्रीजमधून कच्चं मांस खाते. शेवटी कळतं की आईच्या आत दुसरंच कोणी आहे. फार सफाईने केलेला सिनेमा. आवाज तर इतका नेमका की म्हातारीचे अनवाणी पाय फरशीवर वाजले तरी माझा अंगठा बटणावर जात होता. चौदा.

काका शून्य.

आत जातानाचा आकडा ४१,३३०. (मधले एकेचाळीस. विचारलं नाही.) बाहेर येतानाचा आकडा ४१,३३०.

मला वाटलं झोपले असतील. पण मी दोनदा पाहिलं होतं, डोळे उघडे होते, पाठ ताठ. लॉबीत विचारलं. म्हणाले, "यात दचकायचं काय? ती बिचारी घाबरलेली होती."

"काका, भूत होतं ते."

"ते शेवटी. दीड तास नुसती घाबरलेली होती. तिला कोणी सांगत का नव्हतं, ती कुठे आहे?"

मी म्हणाले, नियम आवडीनिवडीचा नाही, दचकण्याचा आहे. सिनेमा पटला नाही म्हणून बटण न दाबणं ही फसवणूक आहे, वाचकांची. काका म्हणाले, "मी कोणालाही फसवलं नाही," आणि कॉफी न घेता गेले. गाडीत बसायला त्यांना वेळ लागला. दोन ओळी सोडून दुसऱ्याच करड्या गाडीचं दार उघडायला बघत होते. रागात होते.

बुधवार, ८ ऑक्टोबर

काकांना मेल पाठवली. इथे तशीच उतरवून ठेवते, म्हणजे मागाहून मला ती मऊ करून आठवता येणार नाही.

"काका, शून्य हा आकडा मी छापू शकत नाही. एक तर यंत्र बिघडलं आहे, ते देवांगभाईंकडून तपासून घ्यावं. नाहीतर आपलं लक्ष नाही. मोजणी मनापासून होणार नसेल तर आपण थांबलेलं बरं. या वेळी फक्त माझा आकडा देते आहे. उत्तरा."

तीनदा वाचून पाठवली. त्यात एकही चुकीचं विधान नाही. शंतनू म्हणाला, "काकांचा नंबर नाही? लोक तोच तर वाचतात यार."

शनिवार, ११ ऑक्टोबर

उत्तर नाही. मीही फोन केला नाही. थोरांनी आधी करावा की चुकलेल्याने? आणि चुकलं कोण?

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आजचं क्रमाने लिहिते. क्रम सुटला तर मला काही सांगता येणार नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला देवांगभाईंचा फोन आला. मला वाटलं, नवा माल. म्हणाले, तुमचे काका दुकानासमोर गाडीत बसलेत. सकाळी दुकान उघडलं तेव्हापासून. काच वाजवली तर नमस्कार करतात, उतरत नाहीत. दुकानातल्या मुलीने चहा दिला, तो हातात धरून बसलेत.

मला डेव्हनला पोचायला वीस मिनिटं लागली. दुकानासमोर गाडी नीट लावलेली. आत काका, कोट, गळ्याला मफलर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, जणू सिग्नल सुटायची वाट बघतायत. डॅशबोर्डवर एक कागद. माझी मेल. छापून काढलेली, मोठ्या अक्षरांत, आणि 'देवांगभाईंकडून तपासून घ्यावं' याच्याखाली पेनने रेघ. दोनदा मारलेली.

ते माझ्या सांगण्यावरून आले होते.

मी शेजारच्या सीटवर बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार सभ्यपणे पाहिलं. ज्याला आपण ओळखायला हवं, पण ओळखत नाही, अशा माणसाकडे पाहतात तसं. अंगठा हलला आणि बटणाचा बारीक आवाज आला. मग मी खाली बघितलं. ब्रेकवर त्यांचे पाय होते. डावा बूट उजव्या पायात होता, उजवा डाव्या.

ते बसून होते. जागच्या जागी. चकवा उतरायची वाट बघत.

माझ्या डोक्यात सगळं एकदम आलं: खीर, जुळी, दुसरी गाडी, पन्नास मिनिटं. मी प्रत्येक गोष्ट तारीखवार लिहून ठेवली आहे. माझ्याइतका पुरावा कोणाकडे नसेल.

काका, काय झालं, इथे का बसलात, असे प्रश्न तोंडात आले होते. विचारले नाहीत. लॉबीतलं आठवलं. मी म्हणाले, "आज मंगळवार आहे. हे डेव्हन ॲव्हेन्यू. मी उत्तरा." थांबून पुन्हा म्हणाले. कितीदा म्हणाले माहीत नाही. तेवढं मोजलं नाही.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "कुठून शिकलीस हे?"

"तुमच्याकडून."

"बरं शिकलीस." मग पायांकडे बघून म्हणाले, "हा उपाय काही लागू पडला नाही."

मी खाली वाकून त्यांचे बूट सोडले आणि नीट घातले. त्यांनी लहान मुलासारखे पाय पुढे केले. बाहेर बस थांबली होती आणि तिच्यातली माणसं आमच्याकडे बघत होती.

बुधवार, १५ ऑक्टोबर

नेत्राला सगळं सांगितलं. दिलेला शब्द मोडला. ती रडली नाही. "तुम्ही कधीपासून नोटीस केलंत?" एवढंच विचारलं.

मी वही उघडून तारखा वाचून दाखवल्या. नऊ सप्टेंबर, मधले सहा. अठरा सप्टेंबर, दुसरी तिथी. तेवीस सप्टेंबर.

सोमवार, २० ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. नेत्रा आली आहे. डॉक्टर झाले, स्कॅन झाला. काकांनी स्वतः स्कॅन पाहिला आणि तरुण डॉक्टरला सांगितलं की बरोबर वाचलंत. नेत्रा म्हणते, त्यांना माहीत होतं. वर्षभर तरी.

गिरीशने पणत्या लावल्या. 'मी म्हणालो होतो' असं तो म्हणाला असता तर बरं झालं असतं.

शनिवार, १ नोव्हेंबर

काका उद्या फ्रिस्कोला जाणार. घर नंतर आवरायचं आहे. मी आज खोकी भरायला गेले होते. नेत्रा वरच्या मजल्यावर होती. काका खुर्चीत, आजचा दिवस चांगला होता, सकाळपासून मला नावाने हाक मारत होते.

मी मेलबद्दल माफी मागितली. आठवडाभर घोकून ठेवलेली वाक्यं होती. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी हात वर केला.

"वही आणलीस?"

आणली होती. पिशवीत असतेच.

त्यांनी बोट पुढे केलं. ४१,५१२.

"लिही."

लिहिलं.

"वजाबाकी कर."

"एकशे ब्याऐंशी." म्हातारीवाल्यानंतरचे.

"तू विचारायचीस ना, मधले कुठून आले. आणि मग विचारायचं बंद केलंस. मला वाईट वाटलं. मी वाट बघत होतो."

मी म्हणाले, मला जप वाटला.

ते हसले. खरंच हसले, खोकला येईपर्यंत. "जप? अगं, तुझाच नियम. दचकलं की दाबायचं, विचार करायचा नाही. फक्त थिएटरात दाबायचं, असं कुठे म्हणाली होतीस?"

मी नियम आठवून पाहिला. म्हणाले नव्हते.

"स्वयंपाकघरात उभा आहे आणि का आलो ते कळत नाही. एक. पोस्टमन नावाने हाक मारतो, हा कोण. एक. मीनाक्षीला हाक मारली, आणि मग आठवलं. एक. हे पुष्कळदा." अंगठीकडे बघत राहिले. "डॉक्टर आहे मी. नोंद नको का ठेवायला? फक्त कोणाला दाखवावी ते ठरत नव्हतं."

वरून नेत्राने विचारलं, निळी बॅग कुठे आहे. काका म्हणाले, कपाटात, डावीकडे. तिथेच होती.

मी म्हणाले, "त्या सिनेमात शून्य का होतं?"

"ते दीड तास," काका म्हणाले, "मला सगळं ओळखीचं होतं."

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सदर दिलं. शंतनूला सांगून वर दुरुस्ती छापून घेतली: 'या आधीच्या परीक्षणात डॉ. अरुण बेहेरे यांचा आकडा वगळला गेला होता. तो शून्य असा होता, आणि बरोबर होता. चूक माझी होती. उत्तरा.'

सिनेमाविषयीही लिहिलं, की मी चौदा वेळा ज्या बाईला दचकले ती घाबरलेली होती, आणि हे मला माझ्या शेजारच्या खुर्चीने सांगितलं, दिग्दर्शकाने नाही. 'येणारे' मात्र या वेळी रिकामं ठेवलं. यादी होती माझ्याकडे. डिसेंबरात तीन आहेत, एकात पुन्हा एक म्हातारा.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

एकटी गेले होते. साडेअकराचा खेळ. काकूंची खुर्ची, तीच काकांची खुर्ची, मोकळी, मी माझ्याच खुर्चीत. सिनेमा बर्फातल्या झोपडीचा. आकडा शून्य. बिघाड यंत्रात नव्हता.

गाडीशी पोचले तोच फोन. फ्रिस्कोचा नंबर. नेत्रा म्हणाली, बाबांना बोलायचंय, आज सारखं म्हणतायत. तिने फोन दिला.

आवाज अगदी पहिल्यासारखा. थंडी किती, बर्फ पडला का, विचारलं. इथे डिसेंबर जवळ आला तरी लोक अर्ध्या चड्डीत फिरतात, म्हणाले. मी हसले. सिनेमाला गेली होतीस का? हो म्हणाले. कुठला? झोपडीवाला. शेवट? मी सांगितला. "मला वाटलंच," म्हणाले. मी गाडीला टेकून उभी होते आणि मला वाटलं, एवढं तर नाही बिघडलेलं. हेही मी प्रामाणिकपणे लिहून ठेवते. मला तसं वाटलं.

मग म्हणाले, "आणि ती मुलगी गं. यायची आपल्याबरोबर, सगळं मोजायची. काय नाव तिचं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मीनाक्षी, ऐकतेस का?"

"हो," मी म्हणाले.

"ती भेटली तर तिला सांग, तिचा आकडा बरोबर होता. चौदाच. उगीच जिवाला लावून घेते. हुशार आहे, पण स्वतःला सोडत नाही. सांगशील ना?"

"सांगते."

"शाल घेऊन जात जा थिएटरात. ये मग."

पलीकडे नेत्राने फोन घेतला आणि सॉरी, सॉरी म्हणाली. मी म्हटलं, छान बोलले, खूप छान बोलले. यातही एक शब्द खोटा नाही.

फोन ठेवला तेव्हा यंत्र अजून बोटात होतं, शून्यावर. नियमाप्रमाणे मी बटण दाबलं.

एक.